बोन कंडक्शन (हाडातून आवाज पोचवणारं) इम्प्लांट: लेकीला पाचव्या वर्षी करावं की थांबावं?

मोगरा_नाशिक | रविवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

लेक येत्या श्रावणात पाच वर्षांची होईल. जन्मली तेव्हा दोन्ही बाजूंना कानाच्या जागी शेंगदाण्याएवढा उंचवटा होता आणि भोक कुठेच नव्हतं. मायक्रोशिया (बाहेरचा कान अपुरा), अट्रेशिया (कानाची वाट बंद) हे शब्द तिसऱ्या दिवशी कळले. तोवर घरात एकच प्रश्न: "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" ग्रहण कधी होतं ते मला आजही आठवत नाही, सासूबाईंना मात्र तिथीसकट पाठ आहे. बारशाच्या वेळी कान टोचायला सोनाराला बोलवायचं का, असं आत्याने सवयीने विचारलं आणि मग अख्ख्या खोलीत कुणी काही बोलेना.

बेरा (लहान बाळांची ऐकण्याची चाचणी) केली. हवेतून ६० डेसिबलच्या आसपास, हाडातून नॉर्मल. डॉक्टरांनी रिपोर्टच्या मागे पेनने चित्र काढून सांगितलं, आतला शंख ठणठणीत आहे, तिथवर जायची वाट बंद आहे. सातव्या महिन्यात सॉफ्टबँड लावला. डोक्याभोवती इलॅस्टिकचा पट्टा आणि त्यावर काडेपेटीपेक्षा लहान मशीन, ते कवटीला थरथरवतं. पहिल्या दिवशी तिने माझ्या बांगड्यांकडे वळून पाहिलं. त्याआधी फक्त मिक्सरला दचकायची.

बोलणं वेळेत आलं. पण 'ससा'चा 'तता' होतो आणि 'शाळा'ही 'ताळा'. बँड घट्ट केला की कातडीवर वळ उठतो, सैल केला की आवाज उतरतो.

आता तीन डॉक्टर, तीन मतं. एक म्हणतात पाच झाली की कवटीत स्क्रू बसवू आणि त्यावर मशीन लावू. दुसरे म्हणतात स्क्रू कशाला, सगळं कातडीखाली जातं आता. प्लास्टिक सर्जन म्हणतात, नऊ-दहाव्या वर्षी बरगडीच्या कूर्चेपासून कान करून देतो, तोवर त्या जागेला कुणाला हात लावू देऊ नका. कोटेशनवरचा सहा आकडी आकडा बघून नवऱ्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली, ती अजून उघडलेली नाही.

आत्ता करावं की थांबावं? बाहेर स्क्रू बरा की आतलं? आणि एक पुरेल की दोन लागतात?

---

सुलू_मावशी | रविवार, रात्री ११:३४

वाचतेय. ग्रहणाचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या भाचीला फाटलेल्या ओठाच्या वेळी हेच विचारलं होतं. उत्तर नाही माझ्याकडे, पण धागा वर राहू दे.

---

चिंतोपंत | सोमवार, सकाळी ६:०२

ऑपरेशनची घाई नको. हल्ली बोन कंडक्शनचे हेडफोन पाच-आठ हजारांत मिळतात, मॉर्निंग वॉकला माझा पुतण्या लावतो. लाखो रुपये कशाला? शिवाय लसणाचं कोमट तेल दोन थेंब नियमित घातल्यास फरक पडतो, स्वानुभव आहे.

---

एककर्णी | सोमवार, सकाळी ७:१५

पंत, तेल घालायला भोक तर हवं ना!

---

ध्वनिवेधी | सोमवार, दुपारी २:२०

ऑडिओलॉजिस्ट आहे, मुंबईत. धाग्यावरून निदान करत नाही, पण तुमच्या तीन डॉक्टरांची मतं वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत.

आधी पंतांचं. तत्त्व तेच आहे, पण त्या हेडफोनला बाहेरचा आवाज टिपणारं श्रवणयंत्र नसतं. तो फोनमधलं गाणं गालफडाच्या हाडाला देतो, समोरच्या आईचं बोलणं नाही. शिवाय ऑडिओग्रामप्रमाणे (ऐकण्याच्या आलेखाप्रमाणे) कोणती पट्टी किती वाढवायची हे त्यात बसवता येत नाही. मोठ्या माणसाला फोनपुरता उपयोग होईल, चार वर्षांच्या मुलीच्या भाषेसाठी नाही. (तेल कुणीच घालू नये, भोक असलेल्यांनीसुद्धा.)

आता 'तता'. याचं उत्तर बहुधा पट्ट्यातच आहे. कंप कातडीतून आणि केसांतून हाडात जाताना उंच पट्टीतली ताकद गळते, साधारण १० ते १५ डेसिबल. स, श, च यांचा सगळा जीव उंच पट्टीत असतो. 'म', 'ब' तिला छान येत असतील बघा. म्हणून पहिली गोष्ट: मशीन लावून चाचणी शेवटची कधी झाली? बँड लावलेला असताना प्रत्येक पट्टीत किती ऐकू येतं याचा आलेख मागून घ्या. मूल वाढतं, डोकं वाढतं, सेटिंग मात्र सातव्या महिन्यातलंच राहून जातं, हे मी आठवड्यातून एकदा तरी पाहते. सेटिंग बदलूनही भरपाई झाली नाही तर इम्प्लांटच्या बाजूचा तो खरा मुद्दा.

पाच वर्षं का, तर कवटीची जाडी. स्क्रू ३ किंवा ४ मिलीमीटर आत जातो, तेवढं हाड हवं. लहान मुलांचं हाड मऊही असतं, म्हणून टायटॅनियमभोवती हाड धरेपर्यंत मोठ्यांपेक्षा जास्त थांबतात आणि मग मशीन चढवतात. पाचवा वाढदिवस झाला म्हणून कुणी टेबलावर घेत नाही, सीटी स्कॅन बघून ठरतं.

एक की दोन: हाडातून दिलेला कंप कवटीभर पसरतो, त्यामुळे एका बाजूच्या मशीनने दोन्ही शंखांना आवाज पोचतो. म्हणून भाषेसाठी एक पुरतं. पण आवाज कुठून आला आणि गोंगाटातला कोणता आपला, हे ठरवायला मेंदूला दोन कानांतला फरक लागतो. दोन्ही शंख चांगले असताना दुसऱ्या मशीनचा फायदा मिळतो. तो ऑपरेशनआधीच बँडवर दोन मशीन लावून बघता येतो.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:४५

ताई, मी सांगलीकडचा. माझी केस वेगळी, पण स्क्रू ९ वर्षं डोक्यात आहे म्हणून लिहितो.

लहानपणापासून दोन्ही कान वाहायचे. नदीत पोहायचो, त्यामुळे वाहतात असं घरचे म्हणायचे. पडदे गेले, मग हाड किडलं म्हणून मॅस्टॉइडची (कानामागच्या हाडाची) ऑपरेशनं झाली, आत मोठी पोकळी राहिली. साधं मशीन लावलं की कानात बसवलेल्या साच्यामुळे हवा कोंडते, आठ दिवसांत कान परत वाहायला लागतो. मशीन काढलं की कान सुका आणि मी बहिरा. अशी १२ वर्षं काढली. पोंटो (स्क्रूवर बसणारं मशीन) बसवल्यावर कान मोकळा राहिला तो कायमचाच. माझ्यासाठी ऐकण्यापेक्षाही हे मोठं होतं.

आता खोट सांगतो. कातडीतून धातू बाहेर आलाय, म्हणजे ती जखम कधी पूर्ण बुजणारच नाही. रोज मऊ ब्रशने भोवतीची खपली काढायची. दुसऱ्या महिन्यात मी ऊसतोडीच्या गडबडीत चार दिवस चुकवले, लाल झालं, पू आला. मलम, गोळ्या, परत ब्रश. नंतर एकदा कातडी स्क्रूवर चढायला लागली तेव्हा लांब दांडी बसवली. मोठ्या माणसाला हे जमतं. पाच वर्षांच्या पोरीचं रोज कोण करणार, धुळीत खेळताना काय, हे ठरवूनच हो म्हणा.

हेल्मेट घातलं की शिट्टी वाजते. लग्नात कुणी मिठी मारली की शिट्टी वाजते. १३ नंबरचे नारिंगी पट्टीचे सेल तालुक्याला मिळत नाहीत, सांगलीहून डझनाने आणतो. मशीनला दोरीची क्लिप असते, शर्टाला लावायची. न लावल्याने एक मशीन विहिरीच्या काठावर पडलं. काठावरच, नशीब.

आणि गणपतीत डीजे आला की मशीन काढून खिशात. गावात मी एकटाच सुखी माणूस.

---

सुलू_मावशी | सोमवार, रात्री १०:०१

शेवटच्या ओळीला दंडवत. एमआरआयला अडचण येते का हो?

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:२०

कंबरेसाठी केला होता. डोक्यात धातू म्हटल्यावर टेक्निशियनने हात वर केले. इम्प्लांटचं कार्ड दाखवलं. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही. मशीन बाहेर ठेवलं, स्क्रूसकट आत गेलो. आतलं चुंबकवालं असेल तर वेगळं, ते ध्वनिवेधी मॅडम सांगतील.

---

योतेबोरीकर | मंगळवार, पहाटे ३:५०

मी स्वीडनमध्ये गोटेनबर्गला राहतो (इथले लोक योतेबोरी म्हणतात, म्हणून हे नाव). वैद्यकीय माणूस नाही, पण यातलं बरंचसं याच गावातलं असल्याने राहवलं नाही.

पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक १९५०च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना. हाड धातूला धरून बसलं होतं. वैतागून नळी मोडली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यातून आधी दाताचे इम्प्लांट आले (१९६५ मध्ये पहिला रुग्ण), आणि १९७७ मध्ये इथल्याच सालग्रेन्स्का रुग्णालयात शल्यविशारद शेलस्त्रोम यांनी कानामागच्या हाडात पहिले स्क्रू बसवले. मशीन बनवलं चामर्स तंत्रविद्यापीठातल्या बू होकानसन यांनी. म्हणजे कृष्णाकाठ यांच्या डोक्यातल्या वस्तूचं मूळ दंतवैद्यकात आहे. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, ते बाजारात आलं. अमेरिकेत मोठ्यांसाठी १९९६ आणि पाच वर्षांवरच्या मुलांसाठी १९९९ मध्ये मान्यता मिळाली. पाचाचा आकडा सगळीकडे ऐकू येतो त्यामागे हेही आहे.

कातडीखालची यंत्रं बरीच नंतरची. बोनब्रिज युरोपात २०१२ला, ओसिया अमेरिकेत २०१९ला. अर्धशतकाचा अनुभव आहे तो स्क्रूचाच, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

---

मोगरा_नाशिक | मंगळवार, दुपारी १:३०

रात्री नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. सशाच्या हाडाची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "आपल्या तता-शी संबंध आहे म्हणायचा." पाच वर्षांत या विषयावर पहिल्यांदा हसलो.

ध्वनिवेधी, मशीन लावून चाचणी शेवटची दीड वर्षापूर्वी. लाज वाटतेय. उद्याच वेळ घेते. कातडीखालचं जरा समजावाल का?

---

ध्वनिवेधी | मंगळवार, रात्री ८:०५

लाज कसली. सातव्या महिन्यापासून ती बँड वापरतेय, हेच निम्म्या घरांत होत नाही.

कातडीखालचे दोन प्रकार आहेत आणि दुकानात दोघांनाही 'मॅग्नेटवालं' म्हणतात, तिथे गल्लत होते. पहिल्यात आत फक्त चुंबक असतं, थरथरणारं यंत्र बाहेरच. म्हणजे कंप पुन्हा कातडीतूनच जातो. दिसायला छान, पण गळती बँडसारखीच, आणि चुंबक जोरात ओढतं म्हणून कातडी दुखते. तुमच्या 'स'चा प्रश्न याने सुटेल असं मला वाटत नाही. दुसऱ्यात थरथरणारं यंत्रच आत, हाडाला लागून. बाहेरचं बटण फक्त संदेश पाठवतं. बोनब्रिज आणि ओसिया यातले. कातडी बंद राहते, रोजचा ब्रश नाही, आणि उंच पट्टी चांगली पोचते. मशीन साधारण महिनाभराने सुरू करतात.

मग अडचण काय? जागा. बोनब्रिजच्या पहिल्या मॉडेलला हाडात ८.७ मिलीमीटर खोल खड्डा लागायचा, लहान मुलाच्या मॅस्टॉइडमध्ये तेवढी खोली कुठून येणार? नवं ४.५ मिलीमीटरचं आहे. ओसियाचा कंप देणारा भाग पायझोइलेक्ट्रिक (वीज दिली की थरथरणारा) आहे, तो एका छोट्या टायटॅनियम स्क्रूवर बसतो, म्हणून खड्डा जवळपास लागत नाही. अमेरिकेत त्याची वयोमर्यादा २०२४ मध्ये १२ वरून ५ वर आणली. दुसरी अडचण म्हणजे बिघाड. स्क्रूवरचं मशीन बिघडलं तर खटकन काढून दुसरं लावता येतं, आतलं बिघडलं तर परत ऑपरेशन. तिसरी एमआरआय: चुंबकामुळे कोणत्या ताकदीच्या मशीनमध्ये जायचं यावर बंधन येतं आणि डोक्याच्या चित्रात त्या बाजूला मोठी काळी सावली पडते.

आणि तुमचे प्लास्टिक सर्जन उगाच अडवत नाहीयेत. बरगडीचा कान घडवताना त्यावर पांघरायला तिथलीच कातडी आणि तिच्याखालचा पातळ पदर लागतो. त्या जागी आधीच चीर गेली असेल तर त्यांचं काम बिघडतं. पण म्हणून दहाव्या वर्षापर्यंत थांबायची गरज नाही. एरवी स्क्रू कानाच्या भोकापासून ५० ते ५५ मिलीमीटर मागे-वर येतो, तुमच्याकडे भोकच नसल्याने होणाऱ्या कानाची जागा आधी आखून घ्यावी लागेल आणि त्याच्याही मागे जावं लागेल. कानाचे सर्जन आणि प्लास्टिक सर्जन यांनी एकाच वेळी तिच्या डोक्यावर पेनने खुणा करायच्या, मग तारीख ठरवायची. या दोघांना एका खोलीत आणणं हेच सगळ्यात अवघड ऑपरेशन असतं.

---

दर्यावर्दी | बुधवार, सकाळी ११:००

रत्नागिरी. मुलगा ९ वर्षांचा, फक्त उजवा कान नाही, डावा उत्तम. आम्ही काहीच केलं नाही आणि पस्तावलो असंही नाही. शाळेत डावा कान बाईंकडे येईल असा बाक मागून घेतला, एवढंच. क्रिकेटमध्ये "घे घे" कुठून ओरडले ते कळत नाही, त्यावरून दोनदा धावबाद. त्याच्या वर्गातल्या मुलीचे दोन्ही कान असे होते, तिच्या आईवडिलांनी आमच्याकडे बघून 'थांबू या' ठरवलं आणि ती तिसऱ्या वर्षापर्यंत बोलली नाही. एका कानाची गोष्ट आणि दोन्ही कानांची गोष्ट एक नाही, हे कुणीतरी ठळक अक्षरांत लिहा. बंद कानाला नवं भोक पाडायचं ऑपरेशनही आम्हाला सुचवलं होतं.

---

ध्वनिवेधी | बुधवार, दुपारी ३:१२

नेमकं. दोन्ही बाजू बंद असतील तर सहा महिन्यांच्या आत काहीतरी लागलंच पाहिजे, निदान बँड तरी. एका बाजूला वेळ असतो, पण भाषा आणि शाळेवर लक्ष ठेवायचं.

भोक पाडण्याबद्दल: सीटीवर मधल्या कानाच्या रचनेला १० पैकी गुण देतात, जार्सडॉर्फर गुण म्हणतात. कमी गुण असतील तर त्या वाटेला जाऊ नये. गुण चांगले असले तरी पाडलेलं भोक पुन्हा आकसू शकतं. आणि ज्यांचं भोक बंद नसून फक्त अरुंद आहे त्यांनी जास्त जपायचं, आत कातडी साठून कोलेस्टिएटोमा (हाड पोखरणारी गाठ) होऊ शकतो.

---

एककर्णी | बुधवार, रात्री ९:३०

मोठ्यांची बाजू मांडते. ४१व्या वर्षी एका सकाळी डावा कान गेला. सर्दीने बंद झाला असेल म्हणून दहा दिवस वाफा घेतल्या. स्टेरॉइड लगेच सुरू करायचे असतात हे अकराव्या दिवशी कळलं. हा धागा वाचणाऱ्या कुणाचा एक कान अचानक बंद झाला तर त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्यांकडे पळा, एवढ्यासाठीच खरं लिहितेय.

माझा शंखच मेला, त्यामुळे माझ्याकडे हाडातून आवाज जातो तो पलीकडच्या चांगल्या कानाला. मला इम्प्लांट सुचवलं. दोन आठवडे बँडवर मशीन उसनं घेऊन फिरले. ऑफिसात डावीकडे बसणारी काय म्हणते ते कळायला लागलं. पण दादरच्या फुलबाजारात गेले आणि डावीकडचा सगळा कोलाहल उचलून माझ्या एकुलत्या चांगल्या कानात ओतला गेला. आणि दिशा? शून्य. आत पोचणारा कान एकच ना. मी इम्प्लांट केलं नाही, वायरलेस क्रॉस मशीन (बंद बाजूचा आवाज चांगल्या कानाला पाठवणारं, बिनऑपरेशनचं) घेतलं, तेही फक्त मीटिंगला लावते. पण माझ्याच वॉर्डातल्या एका बाईंनी केलं आणि त्या खूश आहेत.

विकत घेण्याआधी उसनं घ्या, आणि शांत खोलीत नाही, बाजारात घेऊन जा.

---

फाईलवाला | गुरुवार, सकाळी १०:४०

समाजकल्याणमधून निवृत्त. पैशाचं कुणी बोलत नाही म्हणून.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल तूट म्हणजे 'ऐकायला कमी', ७० आणि वर म्हणजे 'कर्णबधिर'. दोन्ही कानांत, हे महत्त्वाचं. एककर्णी ताई आणि रत्नागिरीचे चिरंजीव यात येत नाहीत. तुमची मुलगी उंबरठ्यावर आहे. प्रमाणपत्राची चाचणी मशीन न लावता होते, ती नीट करून घ्या, वांद्र्याच्या अलियावर जंग संस्थेत गेलात तर उत्तम.

कॉक्लियर इम्प्लांटच्या (शंखच निकामी असतो तेव्हाच्या) योजना म्हणजे या इम्प्लांटच्या योजना नव्हेत. कॅम्पमध्ये दोन्हीला 'कानाचं ऑपरेशन' म्हणतात आणि लोक चुकीच्या अर्जावर सहा महिने घालवतात. नेमका शब्द वाचा. विम्यात 'बाह्य जन्मजात दोष' बहुतेक वेळा वगळलेला असतो. बाहेरचा कान नाही म्हणून सरळ नकार येतो. पण ऐकू न येण्याचं कारण आतल्या बंद वाटेत आहे, तसं डॉक्टरांकडून लिहून घेऊन मग दावा करा. मिळेलच असं नाही, पण पहिल्या नकारावर गप्प बसू नका.

---

चिंतोपंत | गुरुवार, दुपारी १२:१५

तेलाबाबतचे शब्द मागे. हेडफोनबाबतचेही. वाचतो आहे.

---

मोगरा_नाशिक | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री १०:५५

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

चाचणी झाली. खालच्या पट्ट्या छान, वरच्या ३५-४० वर लटकलेल्या. सेटिंग बदललं, बँडही नवा घेतला. जुन्याचं इलॅस्टिक मेलं होतं आणि मी ते रोज हाताने ताणून बसवत होते. वाचोपचाराला आठवड्यातून दोनदा जातोय. 'ससा' अजून 'तता'च आहे, पण 'बस' परवा नीट आली. शेवटचा 'स' आधी येतो म्हणे.

दोन्ही डॉक्टरांना एका खोलीत आणणं जमलं नाही. पण प्लास्टिक सर्जननी तिच्या डोक्यावर स्केच पेनने होणाऱ्या कानाची जागा काढली, मी फोटो काढला, आणि तो कानाच्या सर्जनना दाखवला. त्यांनी फोटोवरच मागे एक टिंब दिलं. लेकीला वाटलं टॅटू आहे, दोन दिवस डोकं धुऊ देईना.

ठरलं असं की सीटी सहाव्या वर्षी. हाड पुरेसं असेल तर त्या टिंबावर, कातडीखालचं, आधी एका बाजूला. कृष्णाकाठ दादा, स्क्रूला नाही म्हणण्याचं कारण तुमचा ब्रशच आहे. मी दिवसभर शाळेवर असते, सासूबाईंना डोळ्यांनी बारीक दिसत नाही, आणि पोरगी मातीतून उठत नाही. तोवर पैसे साठवायचे. घडी घातलेला कागद आता कपाटाच्या दारावर लावलाय.

दुसरं मशीन बँडवर महिनाभरासाठी उसनं मिळालं. दिशा कळते का, तर अजून नाही. मागून हाक मारली की आधी दोन्हीकडे बघते, मग आमच्यावर चिडते. एककर्णी, तुमचं ऐकून भाजीबाजारात नेलं. तिने मेथीवालीला स्वतः भाव विचारला.

---

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ११:२०

किती सांगितला?

---

मोगरा_नाशिक | शनिवार, रात्री ११:२२

वीसला जुडी. ही म्हणाली "दहा". दादा, 'स' नाही त्यात, एकदम स्पष्ट.